नाण्याच्या कडेवरचा खळगा

"डबा मी धरणार," बारक्या म्हणाला.

"तू धरलास तर वाचनालयापर्यंत निम्मी नाणी गटारात गेलेली असतील," दादा म्हणाला. "घुबडाकडे दे. तिला निदान चार डोळे आहेत."

घुबडाने डबा काखेत घेतला. तिला जाड काचांचा चष्मा लागला त्या सुट्टीत दादाने, म्हणजे तिच्या मामेभावाने, तिचं हे बारसं केलं होतं. सुट्टी संपायच्या आत ते नाव घरभर झालं आणि धाकट्या भावाच्या, बारक्याच्या, तोंडीही तेच बसलं. दर सुट्टीत ती दोघं मामाकडे राहायला यायची. दादाचं चिडवणं सोसायची तिची तयारी असायची, कारण त्या घरात आजोबा होते आणि आजोबांचा बिस्किटांचा डबा होता.

त्या डब्यात बिस्किटं नव्हती. जुन्या वह्यांच्या कागदाच्या लहान लहान पुड्या होत्या आणि प्रत्येक पुडीत एक नाणं. आजोबा बसमध्ये कंडक्टर होते. कधीतरी एका प्रवाशाने भाड्यात कुठल्यातरी मेलेल्या राजाचं तांब्याचं नाणं त्यांच्या हातावर टेकवलं आणि त्या दिवसापासून त्यांना हे वेड लागलं. खिशाला परवडेल असं वेड. चांदीच्या वाटेला ते जायचे नाहीत. भोक पाडलेली, झिजलेली, काठ तुटलेली, मातीने बरबटलेली नाणी घ्यायचे. दुकानदाराच्या खुर्द्याच्या परातीत अशी नाणी ढिगाने पडलेली असत.

"राजाचं तोंड झिजलं की किंमत उतरते," ते सांगायचे. "आपल्याला तोंड कशाला हवं? नाणं हजार वर्षं माणसांच्या हातातून फिरलंय, ते पुरे."

मग ती नाणी कित्येक दिवस पाण्यात भिजत पडायची. सुट्टीत आलेल्या नातवंडांनी लाकडी काडीने माती कोरून काढायची आणि खालून काय निघतं ते ओळखायचं. मासा निघाला तर बारक्या नाचायचा. काहीच निघालं नाही तर आजोबा म्हणायचे, "लाजरा राजा दिसतोय," आणि ती पुडीही डब्यात जायची.

या वर्षी मात्र डब्यात एक चांदीचं नाणं होतं. एका बाजूला भाला उगारलेला घोडेस्वार आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळी अक्षरं. दुकानदाराने ते पुठ्ठ्याच्या चौकटीत, पारदर्शक पाकिटात घालून, चारी बाजूंनी पिना मारून दिलं होतं. "बाहेर याला दुप्पट पडतात. तुमच्यासाठी म्हणून देतोय, कंडक्टरसाहेब," तो म्हणाला होता. आजोबांनी वर्षभर पैसे साठवले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवा चष्मा करायला सांगितला होता, तो त्यांनी पुढच्या वर्षावर ढकलला होता. मामीला यातलं काही माहीत नव्हतं.

आज नाणेसंग्राहक मंडळाच्या बैठकीत ते नाणं पहिल्यांदाच सगळ्यांना दिसणार होतं.

बैठक वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायची. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, मध्ये भिंग लावलेला दिवा. भोवती दहा-पंधरा माणसं. वाचनालयातल्या बाई मंडळाच्या चिटणीस होत्या. त्या टेबलाच्या टोकाला बसायच्या. दुकानदार त्यांच्या शेजारी चहा पीत होता. अध्यक्ष अजून यायचे होते. ते दातांचे डॉक्टर होते आणि त्यांना उशिरा यायला आवडायचं. मुलं मागच्या बाकावर बसली.

घोडेस्वाराचं पाकीट हातोहात फिरलं.

"कंडक्टर, छुपे रुस्तम निघालात," एक टक्कल पडलेले गृहस्थ म्हणाले.

"काय तेज आहे हो घोड्याला."

आजोबा हसत होते. घुबडाने त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलं होतं.

तेवढ्यात डॉक्टर आले. सगळ्यांच्या माना पाकिटाकडे आहेत, आपल्याकडे कोणाचं लक्ष नाही, हे त्यांना दारातच कळलं. त्यांनी हात पुढे केला. पाकीट त्यांच्या हातात आलं. खुर्चीवर न बसताच त्यांनी ते एकदा खिडकीकडे तिरकं धरलं.

"खोटं आहे," ते म्हणाले आणि पाकीट टेबलावर टाकून दिलं. "ओतलेलं शिसं. वर चांदीचा मुलामा."

मग कोणीतरी फिसकन हसलं.

दुकानदाराचा कप खाली आला. त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग तो उठून पाकिटाजवळ आला आणि बोटाने त्याने एका पिनेवर टकटक केलं.

"मी दिलं ते अस्सल होतं," तो म्हणाला. "ही पिन बघा. काढून परत लावलीय. वाकडी झालीय. कंडक्टरसाहेब, पाकीट उघडलं होतंत का तुम्ही?"

आजोबांना खोटं बोलता येत नसे. "हो," ते म्हणाले. "एकदा. हातात घेऊन बघायचं होतं."

"ऐकलंत? उघडलं, खरं काढून घेतलं, खोटं घातलं. आता माझ्याकडे पैसे मागायला येतील."

"मी नाही हो बदललं," आजोबा म्हणाले. "मी कशाला..."

"सुट्टे देताना हातचलाखी करायची जुनी सवय असणार," टक्कलवाले गृहस्थ म्हणाले. मघाशी 'छुपे रुस्तम' त्यांनीच म्हटलं होतं. आता मात्र सगळे मोकळेपणाने हसले.

डॉक्टर हसले नाहीत. ते दुकानदाराकडे बघत होते आणि दुकानदार त्यांच्याकडे. मग डॉक्टर खुर्चीवर बसले. "अशा माणसाला मंडळात ठेवायचं का, तुम्हीच ठरवा," ते म्हणाले. "नको असेल त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. चिटणीस बाईंचाही हात खांद्यापर्यंत वर आला आणि तिथेच अडखळला.

आजोबा घाईघाईने डबा उचलायला गेले. डबा कलंडला. पुड्या टेबलाखाली विखुरल्या. खाली वाकायला कोणी उठलं नाही. तिन्ही मुलं रांगत बुटांच्या मधून पुड्या गोळा करू लागली. एका पुडीवर कोणाचा तरी बूट होता आणि तो हलत नव्हता.

"काका, पाय," घुबड म्हणाली.

बूट हलला, पण सावकाश.

घरी मामी दारातच उभी होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. चष्म्याचे पैसे कुठे गेले तेही आता तिला कळलं. "म्हातारपणी मान खाली घालायला लावलीत," ती म्हणाली. आजोबा आत निघून गेले.

मुलं गच्चीवर बसली.

"पण समजा," दादा शेवटी म्हणाला, "त्यांनी खरंच बदललं असेल तर? पैशांची ओढ होतीच. खरं विकून टाकलं असेल आणि..."

बोलता बोलता तो थांबला, कारण घुबडाने त्याच्या पाठीमागे पाहिलं होतं. आजोबा जिन्याच्या दारात उभे होते. हातात तीन पेले सरबत असलेलं ताट होतं. त्यांनी ताट कठड्यावर ठेवलं आणि परत खाली गेले.

दादाचा चेहरा बघवत नव्हता. घुबडाला त्याची दया आली नाही. सगळ्या सुट्ट्यांचं चिडवणं तिला एकदम आठवलं आणि त्याला आणखी टोचावं असं वाटलं.

"जा, पी सरबत," ती म्हणाली. "चोराने केलंय."

दादा रडायला लागला. तो तिच्याहून मोठा होता आणि त्याला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. थोडा वेळ तिने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "आता पुरे. मला एक गोष्ट खटकतेय. डॉक्टरांनी पाकीट उघडलं नाही. भिंगातून पाहिलं नाही. वजन केलं नाही. आजोबा सांगतात की मोठे मोठे जाणकारही नाणं हातात घेतल्याशिवाय, कड बघितल्याशिवाय बोलत नाहीत. मग यांना उभ्या उभ्या कसं कळलं?"

दादाने नाक पुसलं. "म्हणजे त्यांनी ते आधी पाहिलं होतं?"

"ते मला माहीत नाही. पण नाणं आपल्याकडे आहे. टेबलावरचं पाकीट मी उचलून डब्यात घातलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा त्यांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. डबा कपाटावर चढवून ठेवला होता. घुबडाने घोडेस्वाराचं पाकीट मागितलं तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला, म्हणजे घेऊन जा.

गच्चीवर उन्हात तिघांनी पिना काढल्या. घोड्याच्या मागच्या पायावर एक आडवा ओरखडा होता, तो पाकिटातूनही दिसत होता. घुबडाने नाणं उभं धरलं आणि आजोबांचं भिंग लावून कड हळूहळू फिरवली.

"थांब," ती स्वतःशीच म्हणाली.

कडेवर एक खळगा होता. मोहरीएवढा, अगदी गोल, तळाशी गुळगुळीत. त्याच्या आत चांदीचा पांढरेपणा नव्हता, मळकट करडा रंग होता. पुठ्ठ्याच्या चौकटीत कड झाकलेली, त्यामुळे बाहेरून तो दिसणं शक्यच नव्हतं. आणि आजोबांनी नाणं हातात घेतलं तेव्हा त्यांना तो दिसला नव्हता, कारण नवा चष्मा त्यांनी केलाच नव्हता.

"खिळ्याने पाडलाय," दादा म्हणाला.

"खिळ्याने टोकदार पडेल. हा वाटीसारखा आहे."

बारक्याने भिंग ओढून घेतलं. एक डोळा मिटून त्याने बराच वेळ पाहिलं. मग त्याने तोंड उघडलं आणि आतल्या दाढेकडे बोट केलं.

"आँ," तो म्हणाला.

"काय आँ?"

"असंच भोक. गेल्या वेळी आमच्याकडच्या डॉक्टरने कोरलं होतं ना, सिमेंट भरायच्या आधी मी आरशात पाहिलं होतं. असंच गोल."

घुबड आणि दादा एकमेकांकडे बघत राहिले.

"बारक्या," दादा हळूच म्हणाला, "तुझा कुठला दात हलतो का रे?"

"एक हलतोय. पण दुधाचा आहे. तो आपोआप पडेल."

"आपोआप कशाला पडायला हवा?" दादा म्हणाला.

डॉक्टरांचा दवाखाना बाजारपेठेतल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर होता. बैठकीत मागच्या बाकावरच्या मुलांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांनी आता कोणालाच ओळखलं नाही. बारक्याला त्यांनी खुर्चीत आडवं केलं. बारक्याने दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे पकडले. दादाला वाटलं होतं की भीती वाटली तर तो पळून येईल, पण तो हलला नाही.

"मोठं कोणी नाही आलं?"

"मीच मोठा," दादा म्हणाला.

"रडायचं नाही. रडलास तर शेजारचाही काढीन," डॉक्टर बारक्याला म्हणाले आणि त्यांनी बधिर करायची सुई टोचली, पण ती चढेपर्यंत थांबले नाहीत. बारक्याच्या डोळ्यांतून पाणी कानांपर्यंत ओघळलं. तोंडातून आवाज मात्र आला नाही.

घुबडाला बघवेना. ती भिंतीकडे वळली. भिंतीवर काचेच्या चौकटीत नाणी ओळीने लावली होती. मधोमध एक जागा रिकामी होती. मखमलीवर गोल डाग राहिला होता, बाकीच्या मखमलीपेक्षा गडद.

"ही खरी आहेत?" तिने विचारलं.

डॉक्टरांचा हात थांबला. असं विचारलेलं त्यांना खपत नसे. "माझ्या भिंतीवर खोटं लागत नाही, मुली."

"पण कळतं कसं?"

"तुला काय कळणार?" ते म्हणाले, पण सांगायचा मोह त्यांना आवरला नाही. बारक्याच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबून त्यांनी टेबलाच्या खणातून एक झिजलेलं तांब्याचं नाणं काढलं. दात कोरायचं मशीन गुरगुरलं. त्यांनी मशीनच्या सुईचं गोल टोक नाण्याच्या कडेला क्षणभर टेकवलं. "हे बघ. इवलासा खळगा. आत तांबडं दिसलं की तांबं. पांढरं दिसलं की चांदी. करडं दिसलं तर शिसं, म्हणजे फसवणूक. समोरून काही कळत नाही. आख्ख्या गावात ही युक्ती माझ्याशिवाय कोणाला येत नाही आणि मी ती कोणाला दाखवतही नाही."

"दुकानदारसुद्धा नाही करत?"

"त्याच्याकडे मशीन कुठंय?"

"हे नाणं आम्ही ठेवू?" दादाने विचारलं. "याच्या दाताची आठवण म्हणून."

"घ्या. कवडीमोल आहे."

रस्त्यावर आल्यावर बारक्याने रक्ताचा बोळा थुंकला. "मिळालं का काही?" त्याने बोबडं विचारलं.

घुबडाने एका तळहातावर तांब्याचं नाणं आणि दुसऱ्यावर घोडेस्वार घेतला. दोन्हींच्या कडा उन्हात धरल्या. खळगे सख्ख्या भावांसारखे सारखे होते.

"त्या चौकटीतली रिकामी जागा," ती म्हणाली, "याचीच होती. त्यांनी हे घेतलं, भिंतीवर लावलं, नंतर कोरून पाहिलं, खोटं निघालं. मग परत दिलं असणार. आणि दुकानदाराने तेच आजोबांना विकलं."

"मग डॉक्टरांना त्या दिवशी सगळं माहीत होतं," दादा म्हणाला. "आजोबांनी बदललेलं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि त्यांनीच हात वर करायला लावले."

बारक्याने रक्ताळलेल्या तोंडाने एक शिवी दिली. कोणी त्याला रागावलं नाही.

आता प्रश्न होता डॉक्टरांना पकडायचं कसं. नुसतं जाऊन सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, माझा संबंध नाही, खळगा मुलांनीच पाडला. मग आजोबांबरोबर नातवंडंही चोर ठरली असती.

"त्यांच्याच तोंडून आलं पाहिजे," घुबड म्हणाली. "सगळ्यांसमोर. काय बोलतोय ते कळायच्या आत."

दादा वाचनालयात जाऊन चिटणीस बाईंना भेटला. मुलांना बैठकीत एक खेळ करायचा आहे, अध्यक्षांच्या नजरेची परीक्षा घ्यायची आहे, असं त्याने सांगितलं. बाईंनी त्याला नीट न्याहाळलं.

"तू कंडक्टरांचा नातू ना?"

दादाने मान हलवली. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"खेळ ठेवते मी," त्या म्हणाल्या. "आजोबांनाही घेऊन ये."

"त्यांना बंदी आहे ना?"

"बैठकीत आहे. शेजारी वर्तमानपत्रं वाचायची खोली आहे. तिचं दार मी उघडं ठेवते."

सर्वांत अवघड काम त्यानंतरचं होतं. दादा आजोबांच्या पलंगाशी जाऊन उभा राहिला.

"आजोबा, मी त्या दिवशी जे बोललो..."

"ऐकलं मी."

"मला तसं..."

"ऐकलं म्हटलं ना." आजोबा उठून बसले. दाढी वाढली होती. "कुठे यायचंय ते सांग."

बैठकीच्या दिवशी वरची खोली भरली होती. शेजारच्या खोलीत आजोबा हातात वर्तमानपत्र घेऊन बसले. उघड्या दारातून फक्त त्यांचे गुडघे दिसत होते.

खेळाचं नाव ऐकून डॉक्टर खूश झाले. मुलांनी एकेक पुडी पुढे करायची आणि त्यांनी न थांबता सांगायचं. "तांबं. भोक पाडलंय, बाईच्या गळ्यातलं." "हे माशाचं, हे भंगार." "आणि हे? हे तर धुण्याच्या दगडाइतकं गुळगुळीत झालंय, फेकून द्या." प्रत्येक वेळी लोक हसायचे. ती सगळी आजोबांच्या डब्यातली नाणी होती. घुबडाने दाराकडे पाहायचं टाळलं.

"आता कठीण प्रश्न," दादा म्हणाला.

बारक्याने खेळायच्या मातीचे दोन गोळे टेबलावर ठेवले. प्रत्येकात एक नाणं पुरलं होतं. बाहेर फक्त कडेचा नखाएवढा भाग दिसत होता.

"कडेवरून ओळखायचं," घुबड म्हणाली आणि पहिला गोळा दिव्याखाली सरकवला.

डॉक्टर वाकले आणि हसले. "अरे, तुम्हीच होय? तो दातवाला पोरगा. हा माझा खळगा. त्या दिवशी तुमच्यासमोरच पाडला. आत तांबडं, म्हणजे तांबं."

"बरोबर. आणि हा?"

टेबलाच्या टोकाला दुकानदाराचा कप हवेतच थांबला. "पुरे आता, चहा गार होतोय," तो म्हणाला. कोणी लक्ष दिलं नाही.

"हाही माझाच," डॉक्टर म्हणाले. "त्याच सुईचा."

"नक्की?"

"माझं काम मी ओळखणार नाही? करडं आहे आत. शिसं. म्हणजे मी तपासून नापास केलेलं खोटं नाणं."

"दुसऱ्या कोणी पाडला असेल तर?" दादाने विचारलं.

"गावात दुसरं कोण आहे असं करणारं? काहीतरीच."

"सगळ्यांनी ऐकलं ना?" दादा म्हणाला.

घुबडाने मातीचा गोळा फोडला, नाणं रुमालाने पुसलं आणि भिंगाखाली ठेवलं. भाला उगारलेला घोडेस्वार. घोड्याच्या मागच्या पायावर आडवा ओरखडा.

खुर्च्या करकरल्या. सगळे वाकून पाहू लागले. टक्कलवाल्या गृहस्थांनी भिंग डोळ्याला लावलं, बाजूला केलं, पुन्हा लावलं.

"हे तर कंडक्टरचं."

"डॉक्टर," घुबड म्हणाली. "मागच्या बैठकीत तुम्ही पाकीट उघडलंच नाही. त्यानंतर हे नाणं आमच्या घरात होतं. मग तुमचा खळगा याच्यावर कधी पडला?"

डॉक्टर पुन्हा वाकून खळगा बघू लागले. त्यांची बोटं हिरव्या कापडावर फिरत राहिली.

"तुमच्या भिंतीवरच्या चौकटीतून हे कधी काढलंत?" दादाने विचारलं.

"मी यांचे पैसे परत दिले होते," दुकानदार एकदम ओरडला. तो उभा राहिला होता. "पै न पै परत दिले. मलाही ते कोणीतरी खरं म्हणूनच विकलं होतं. मी फेकूनच देणार होतो. हेच म्हणाले, फेकतोस कशाला, कोणातरी अडाण्याच्या गळ्यात बांध, त्याला कुठे कळणारे."

"त्या दिवशी कंडक्टरवर आळ तू घेतलास," डॉक्टर म्हणाले.

"आणि तुम्ही तोंड कशाला उघडलंत? गप्प बसला असतात तर कोणाला कळलं असतं? चार लोकांनी दुसऱ्याची वाहवा केली तर पोटात दुखतं तुमच्या."

दोघं एकमेकांवर ओरडत राहिले. कोणाला आणखी काही विचारायची गरज उरली नाही. चिटणीस बाई उठल्या, शेजारच्या खोलीच्या दाराशी गेल्या आणि म्हणाल्या, "या, कंडक्टर."

आजोबा आत आले. वर्तमानपत्राची घडी त्यांनी नीट करून काखेत धरली होती.

आता सगळेच त्यांच्याकडे धावले. कोणी खुर्ची पुढे केली, कोणी पाणी. मुलांच्या पाठीवर थापा पडू लागल्या. "काय हुशार नातवंडं आहेत तुमची." "या पोरीची नजर बघा." "आणि याने दात दिला म्हणे, शाबास रे." बारक्याला प्रत्येकासमोर तोंड उघडून खिंडार दाखवावं लागलं. बाईंनी जाहीर केलं की जे आम्हा मोठ्यांना सुचलं नाही ते या तिघांनी केलं आणि मंडळ त्यांचं ऋणी आहे. टाळ्या वाजल्या.

"मला तर तेव्हाच शंका आली होती," टक्कलवाले गृहस्थ आजोबांचा हात हातात घेऊन म्हणाले. "तुम्ही असं करणारच नाही."

"मग तेव्हा का नाही बोललात?" आजोबांनी विचारलं.

त्यांनी ते रागाने विचारलं नव्हतं. खरोखर उत्तर हवं असल्यासारखं विचारलं होतं. गृहस्थांनी हात सोडला.

"माझा हात अर्धाच वर होता," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण होता."

"मोजताना तो पूर्णच धरला, बाई," आजोबा म्हणाले.

टाळ्या थांबल्या होत्या. दुकानदाराने खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले आणि नाण्याकडे हात नेला. आजोबांनी त्याच्याआधी नाण्यावर तळहात ठेवला.

"हे तुमचं नाही," ते म्हणाले.

डॉक्टर अजून आपल्या खुर्चीतच होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. आजोबा सावकाश टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर गेले. आता आजोबा माफ करतील, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कोणीतरी सुटकेचा निःश्वासही टाकला. आजोबांनी डॉक्टरांचा हात उचलला, उलटा केला आणि घोडेस्वार त्यांच्या तळहातावर ठेवला. मग एकेक करून त्यांची बोटं त्यावर मिटवली, लहान मुलाच्या हातात सुट्टे पैसे देताना मिटवतात तशी.

"तुमच्या भिंतीवरची जागा रिकामी आहे म्हणे," ते म्हणाले. "लावा परत. येणारा प्रत्येक पेशंट विचारेल. सांगा त्यांना."

डॉक्टरांनी मिटलेली मूठ टेबलाखाली घेतली.

रस्त्यावर दादा डबा घेऊन दोन पावलं मागून चालला होता. आजोबा थांबले आणि तो बरोबरीने येईपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढे चालू लागले. दादाने डोळे पुसले, पण या वेळी घुबडाने तिकडे बघायचं टाळलं.

"खळगा कधी पडला, हा प्रश्न बरोबर विचारलास," आजोबा तिला म्हणाले. "मला सुचला नसता."

बारक्या जिभेने खिंडार चाचपत होता. त्याचं समाधान झालेलं नव्हतं.

"आजोबा," तो म्हणाला, "इतके सगळे तुमच्या बाजूने होते. तुम्ही त्या डॉक्टरला एक मारली का नाही?"

"मारली की," आजोबा म्हणाले.